कुर्स्कच्या मॅपवर रणगाडे येण्यापूर्वी

‘हेल लेट लूज’ या दुसऱ्या महायुद्धावरील व्हिडिओ गेममध्ये दोन्ही बाजूंना 50-50 खेळाडू असतात, आणि कुर्स्कच्या मोकळ्या शेतांतून जर्मन पथके तीन-चार रणगाडे एकदम घेऊन आली, की इंजिनांची घरघर कानावर पडल्यानंतर केलेली धावाधाव कामी येत नाही. तयारी सुरुवातीच्या काही मिनिटांतच उरकावी.

सर्वांत आधी गॅरिसन, म्हणजे मेलेले खेळाडू जिथून पुन्हा मैदानात येतात ते ठाणे, पाहावे. एक बचावाच्या जागी असले, तरी त्याच्या मागे किमान 200 मीटरवर दुसरे उभे आहे ना, याची ऑफिसरने स्वतः खात्री करून घ्यावी, कारण पुढचे हातचे गेले की सगळी फौज तिथूनच परत उभी राहणार असते. सपोर्टच्या, म्हणजे बांधकामाचे सामान पुरवणाऱ्या खेळाडूच्या, एका पेटीतून 50 पुरवठा मिळतो आणि गॅरिसनला तेवढाच लागतो. म्हणून रणगाडाविरोधी तोफेच्या पुरवठ्यासाठी दुसरा सपोर्ट खेळाडू आधीच नेमून ठेवावा.

तोफ रस्त्याकडे तोंड करून बसवण्याचा मोह टाळावा. मॅपवरच्या यामकी या ठिकाणाजवळ एखाद्या झुडपाआड, वाटेच्या बाजूला ती असावी, म्हणजे रणगाडा समोरून जाताना त्याची जाड पुढची बाजू नव्हे, तर कूस दिसेल. टायगर या जड जर्मन रणगाड्याच्या दर्शनी पोलादावर मारलेला गोळा बहुधा वाया जातो आणि वर आपली जागा उघडी पडते, ते नुकसान मला अधिक मोठे वाटते. जुलै 1943 मध्ये खऱ्या कुर्स्कला सोव्हिएत सैन्याने अनेक तोफा एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली देऊन त्यांचा मारा एकेका रणगाड्यावर एकवटला होता. जर्मनांनी त्या रचनेला ‘पाकफ्रंट’ म्हटले. आपल्या गोलंदाजांनीही तेच करावे. पहिला बार कोण काढणार, हे आधीच ठरलेले असावे.

इंजिनिअरने सुरुंग उघड्या रस्त्यावर न पेरता, उंच गवतातून गेलेल्या चाकोरीत, वळणाच्या पलीकडे पेरावेत.

मशीनगनवाल्याला रणगाड्यांकडे बघू देऊ नये. त्यांच्या मागून येणारे पायदळ त्याने रोखून धरले, तरच सॅचेल (स्फोटकांची पिशवी) घेतलेला आपला गडी इंजिनापर्यंत सरपटत पोहोचू शकतो.

शेवटी ऑफिसरांच्या वाहिनीवर बोलण्याची पद्धत पक्की करावी. “रणगाडा आला!” एवढ्याने कोणालाच काही कळत नाही, “240 अंश, दोन टायगर, मागे पायदळ, पहिल्याची साखळी तुटली आहे” असे सांगावे आणि लगेच नकाशावर खूण करावी.