हिऱ्याची अंगठी घडवून घेताना

तुकोबांच्या अभंगातला हिरा ऐरणीवर घणाचे घाव सोसूनही वाचतो, आणि म्हणूनच की काय, हातोडीने हिरा पारखावा ही समजूत आजही घरोघरी ऐकू येते. कृपा करून तसे कोणी करू नये. मोहस् श्रेणीत हिऱ्याचा कठीणपणा 10, म्हणजे सर्वोच्च असला, तरी तो ओरखड्यापुरता; ठराविक दिशांनी घाव बसला की अस्सल हिराही दुभंगतो. त्यामुळे सोलापुरात सराफ कट्ट्यावर अंगठी घडवायला टाकताना खड्याइतकेच लक्ष त्याला धरून ठेवणाऱ्या सोन्याकडे द्यावे.

खडा निवडताना वजन सेंटमध्ये विचारावे. 100 सेंट म्हणजे 1 कॅरट, अर्थात 200 मिलिग्रॅम. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत तयार केलेला, हे पावतीवर लिहून घ्यावे. दोन्ही कार्बनचेच असल्याने नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक खड्याच्या कडेवर कोरलेला असेल, तर तो भिंगातून स्वतः जुळवून पाहावा.

बोटाचे माप संध्याकाळी द्यावे, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभरात बोटे सुजतात आणि सकाळी सैल वाटणारी अंगठी रात्री रुतते. सोने 18 कॅरटचे घ्यावे; इथे कॅरट म्हणजे वजन नव्हे, सोन्याची शुद्धता. 22 कॅरटचे सोने मऊ असल्याने खडा धरणारी टोके लवकर वाकतात. हॉलमार्कमध्ये 750 हा आकडा (हजारात 750 भाग सोने) आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दिसला पाहिजे.

खरे कसब जडणकामात असते. कारागीर टोकांच्या आतल्या बाजूला खड्याच्या कडेपुरती खाच कोरतो, खडा त्यात सपाट बसला की समोरासमोरची टोके आळीपाळीने दाबत जातो आणि शेवटी ती घासून गोल करतो. एकाच बाजूने जोर पडला, तर खडा तिरका होतो. शुक्राचे रत्न म्हणून हिरा घालणारे तो त्वचेला टेकावा यासाठी खालची बाजू उघडी ठेवायला सांगतात. श्रद्धा असो वा नसो, ही सूचना मी प्रत्येकाला करेन, कारण तिथूनच अंगठी धुता येते.

अंगठी हातात आली की आपल्याच सोलापुरी टॉवेलवरून ती हलकेच सर्व बाजूंनी फिरवावी. टॉवेलचा एखादा फास कुठे अडकला, तर तिथले टोक उचललेले आहे असे समजून अंगठी तिथल्या तिथे कारागिराकडे परत द्यावी.

तेल हिऱ्याला चटकन चिकटते. माझ्या आईची अंगठी निस्तेज झाली, तेव्हा खडा बदलला गेल्याच्या शंकेने घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. भिंगाखाली पाहिले, तर खड्याच्या पाठीला केसांच्या तेलात कालवलेले ज्वारीचे पीठ घट्ट बसले होते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्यानेच ते निघाले. तेव्हापासून भाकरी थापायच्या आधी आई ती अंगठी काढून डबीत ठेवते.