वर्षाची खरेदी नागपुरात: तूर, गहू, मिरची अन् कूलर केव्हा घ्यावा

नागपुरात भाव हलतात ते कळमन्यातल्या (इथल्या घाऊक बाजारातल्या) आवकेने आणि उन्हाने. सेलच्या पाट्यांचा नंबर त्यानंतर लागतो. धान्यात पहिल्या आठवड्याच्या मालावर झडप घालू नये. त्यात ओल असते, म्हणजे धान्याच्या भावात पाणी घेतलं जातं आणि पावसाळ्यात कोठीतून कुबट वास येतो. आवक भरात येऊ द्यावी.

विदर्भातली तूर डिसेंबरअखेरीस निघायला लागते आणि जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ढीग लागतात. महिन्याला तीन किलो डाळ लागणाऱ्या घराला वर्षाला 36 किलो पुरते. तयार डाळ घ्यायची की तूर घेऊन मिलमधून काढून आणायची, हे मोजून ठरवा. 100 किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ पडते, बाकी टरफल आणि चुनी (डाळीचा चुरा). म्हणून तुरीचा भाव 0.7 ने भागा आणि भरडाई मिळवा. समजा तूर 84 रुपये किलो आहे, तर डाळ 120 रुपये अधिक भरडाई अशी पडली. दुकानातली डाळ याहून चार-पाच रुपयेच महाग असेल, तर अर्धा क्विंटल तूर वाहून नेण्याची दगदग कशाला? दुकानात ‘फटका’ आणि ‘फोड’ दोन्ही मागून बघा. फटका चकचकीत आणि महाग. वरणासाठी फोड घेतली तरी चालते, ताटात कोणी ओळखत नाही.

डाळ भरण्याआधी दोन-तीन कडक उन्हं द्या. मग सावलीत पूर्ण गार होऊ द्या, इथेच बहुतेकांचं चुकतं. गरम डाळ डब्यात बंद केली की झाकणाला आतून घाम सुटतो आणि तीच ओल बुरशी धरते. किलोमागे पाच मिली खाण्याचं तेल चोळलं तर किडा लवकर लागत नाही. बोरिक पावडर मात्र खाण्याच्या धान्यात नको, कितीही जुनी सवय असली तरी.

गहू मार्चअखेर ते एप्रिल. लोकवन रोजच्या पोळीला पुरतो. शरबतीसाठी जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर आधी पाच किलो दळून पोळी करून बघा, मगच कट्टा घ्या. तांदळाचं गणित उलटं आहे. भंडारा-गोंदियाकडचा नवा तांदूळ डिसेंबर-जानेवारीत स्वस्त मिळतो, पण भात चिकट होतो. तेव्हा घेऊन ठेवायचा आणि पुढच्या दिवाळीनंतर काढायचा. जुन्या तांदळासाठी दुकानदार जो जास्तीचा भाव लावतो, तो वाचतो. जागा आणि कोरडी कोठी नसेल तर या भानगडीत पडू नका.

लाल मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. देठ मोडल्यावर कट्‌कन तुटला पाहिजे आणि हलवल्यावर बिया खुळखुळल्या पाहिजेत. मिरची वाकत असेल तर माल ओला आहे. देठ काढल्यावर वजन घटतं, म्हणून तिखट जितकं हवं त्यापेक्षा थोडी जास्तच घ्या.

संत्र्याला फार डोकं लावायला नको: आंबिया बहाराची नोव्हेंबरच्या आसपास, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून कॅरेट घेतलं की झालं.

आता कूलर. मार्च उजाडला की मागणी वाढते आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, तर घासाघीस करायला तोंडच उरत नाही. लोखंडी डेझर्ट कूलर डिसेंबर-जानेवारीत बनवून घ्या. तेव्हा कारागिराला वेळ असतो, पत्रा आपल्यासमोर निवडता येतो. पत्र्याचा गेज विचारा. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे 20 गेज हा 24 पेक्षा दणकट. मोटरची वाइंडिंग तांब्याची असल्याचं बिलावर लिहून घ्या. जुना कूलर असेल तर ताट्या (ज्यांवर पाणी पडून हवा गार होते त्या जाळ्या) फेब्रुवारीतच बदला. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या ताट्यांवर क्षार चढून हवा अडते, मग लोक बिचाऱ्या मोटरला दोष देतात.

जूनअखेरीस उरलेले कूलर स्वस्तात निघतात खरे, पण वॉरंटी त्याच दिवसापासून चालू होते. पावसाळा-हिवाळा ती वाया जाते आणि मोटर प्रत्यक्ष तापायला लागते तेव्हा हातात तीन-चार महिनेच उरतात. सूट वॉरंटीच्या या नुकसानीपेक्षा भरघोस असेल तरच घ्या, आणि घरी आणल्यावर पाणी भरून दोन तास चालवून बघा.

एसीसाठी नोव्हेंबर-डिसेंबर बरा. वीजबचतीच्या ताऱ्यांचे निकष बदलतात (1 जुलै 2022 ला बदलले होते), तेव्हा जुन्या लेबलचा माल दुकानदाराला काढायचा असतो. लेबलवरचं वर्ष आणि आयएसइइआरचा (वीज किती कमी खातो त्याचा; जास्त तितका चांगला) आकडा वाचा. जुन्या निकषाचे पाच तारे नव्या लेबलवर चारच भरू शकतात. त्या हिशेबानेच भाव पाडून मागा.