गिअरबॉक्सची तेलगळती आणि सैल पडलेले गिअर लिंकेज : या चुका टाळा

जुन्या मोटारीच्या पोटाखाली तेलाचा डाग दिसला की बहुतेक जण नवे ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) घेऊन येतात, आणि गिअरचा दांडा हातात ढिला लागू लागला की पाना घेऊन रॉडचे नट फिरवू लागतात. ही दोन्ही कामे कधी ना कधी करावी लागतातच, पण ती सर्वांत शेवटी करायची असतात हे सांगून सांगून मी कंटाळलो आहे. शिवाय गळती आणि लिंकेजची, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या रॉड आणि जोडांची, झीज यांना दोन वेगळी दुखणी मानण्यात मुळातच गफलत होते. गळणारे तेल खालच्या रबरी बुशांवर (जोडांतल्या नळीसारख्या अस्तरांवर) आणि गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर (त्याला धरणाऱ्या रबरी आधारांवर) मुरत राहते, त्याने रबर फुगून मऊ पडते, गिअरबॉक्स आपल्या जागी स्थिर राहत नाही आणि मग दांड्यातला खेळ वाढतो. त्यामुळे आधी गळती, मग माउंटिंग आणि सर्वांत शेवटी लिंकेज, हा क्रम मी मोडत नाही. मदतीला आलेला कोणी तो मोडू लागला, तर त्याच्या हातातला पाना काढून घेतो.

गळतीचा उगम न शोधता सील बदलणे

तेल जिथून थेंब थेंब पडते तिथूनच ते गळत असते, असे नाही. मोटार धावत असताना वाऱ्याने तेल मागे ढकलले जाते आणि गिअरबॉक्सच्या सर्वांत खालच्या कडेला गोळा होते. म्हणून इंजिनच्या मागच्या सीलमधून किंवा बाजूच्या झाकणातून आलेले तेल मागच्या सीलखाली टपकताना दिसते. आधी तेल कोणते आहे ते ओळखावे. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तर वापरलेले इंजिन ऑइल काळे पडलेले असते आणि त्याला तसा वास नसतो. अर्थात हा नियम सरसकट लागू पडत नाही. १९५९ साली आलेल्या मूळ मिनीचा गिअरबॉक्स इंजिनच्या संपमध्येच (तळाच्या तेलाच्या भांड्यातच) बसवलेला असून दोघांना एकच तेल पुरते, आणि एमजीबीसारख्या मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच घालायचे असते. अशा ठिकाणी नाकावर विसंबून चालत नाही.

माझी पद्धत साधी आणि वेळखाऊ आहे. गिअरबॉक्स डिग्रीझरने पूर्ण धुऊन, कोरडा करून, संशयाच्या सर्व जोडांवर मी टाल्कम पावडर फवारतो, मोटार थोडी चालवून आणतो आणि टॉर्च घेऊन खाली जातो. पावडर जिथे सर्वांत वरच्या बाजूला ओली झालेली असेल, तिथे उगम असतो. एवढे करण्याचा धीर नसलेले लोक याला वेळेचा अपव्यय म्हणतात आणि नंतर तेच सील दुसऱ्यांदा ठोकत बसतात.

यापेक्षाही अधिक दुर्लक्षित राहतो तो ब्रीदर. गिअरबॉक्स तापला की आतली हवा प्रसरण पावते आणि तिला बाहेर जायला वाट लागते. ती वाट बंद असेल, तर वाढलेला दाब सर्वांत कमकुवत सीलच्या ओठाखालून तेल बाहेर ढकलतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी आपली मोटार सुंदर रंगवून घेतली होती आणि त्यानंतर गिअरबॉक्सचे मागचे सील गळू लागले. सील बदलले, पुन्हा गळले. मग दुसऱ्या कंपनीचे आणले, तेही गळले. त्यांचा राग सील बनवणाऱ्यांवर होता. मला मात्र त्यांच्या बोलण्यातली एकच गोष्ट खटकली. छोट्या फेरीनंतर जमीन कोरडी असायची आणि लांबच्या प्रवासानंतरच तेल पडायचे. सीलचा ओठ कापलेला असता, तर त्याने असा भेद केला नसता. मोटार चालवून आणल्यावर बाजूचा फिलर प्लग सावकाश सैल केला, तर फुस्स असा स्पष्ट आवाज झाला. वर पाहिले तेव्हा ब्रीदरची बारीक टोपी रंगाच्या जाड थराखाली पूर्ण बुजलेली होती. गिअरबॉक्स बाहेर काढून फवाऱ्याने रंगवताना कोणी तिच्यावर कागदाची पट्टी लावण्याचे कष्ट घेतले नव्हते. टोपी काढून तारेने छिद्र मोकळे केले, दाबाने उलटलेल्या ओठाचे सील शेवटचे एकदा बदलले आणि तो विषय संपला.

ब्रीदर मोकळा असूनही मागचे सील टिकत नसेल, तर शेपटाकडील हाउसिंगमधला बुश तपासावा. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा योक (गिअरबॉक्समध्ये शिरणारे टोक) हाताने वरखाली हलवून पाहिल्यास खेळ लगेच जाणवतो. योक गोल फिरण्याऐवजी हेलकावे खात असेल, तर कोणतेही सील त्याच्यामागे धावू शकत नाही. योकवर सीलच्या ओठाने चर पाडली असेल आणि ती नखाला अडकत असेल, तर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची दुरुस्ती स्लीव्ह बसवावी, किंवा जागा असल्यास नवे सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवावे, म्हणजे ओठ गुळगुळीत भागावर येतो. सील बसवताना त्याची स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी, ओठाला आधी तेल किंवा ग्रीस लावलेले असावे आणि ते सीलच्या बाहेरील व्यासाएवढ्या सपाट चकतीने सरळ दाबावे. हातोडीने एकेक कड ठोकत बसवलेले सील मी परत काढायला लावतो.

सिलिकॉनचा लेप

या विषयावर मला शांतपणे बोलता येत नाही. बाहेरून तेलकट जोडावर सिलिकॉन फासून गळती थांबत नाही, कारण तेलकट धातूला ते चिकटतच नाही. आतून भरमसाट लावले, तर प्लेट आवळताना बाहेर जेवढे डोकावते तेवढेच आतही पिळून निघते, तुटते आणि तेलाच्या वाटेत किंवा बेअरिंगमध्ये जाऊन बसते. बहुतेक जुन्या गिअरबॉक्सचे निर्माते कागदी पॅकिंग वापरत असत, आणि पृष्ठभाग सपाट असतील तर ते आजही पुरते. माझा वेळ पॅकिंग निवडण्यात जात नाही. तो जुने पॅकिंग काळजीपूर्वक खरवडण्यात आणि पत्र्याच्या झाकणांवर बोल्टच्या छिद्रांभोवती आलेले फुगवटे सपाट करण्यात जातो. कोणीतरी पूर्वी बोल्ट जास्त आवळलेले असतात, त्यामुळे छिद्रांजवळ पत्रा दबतो आणि दोन छिद्रांच्या मध्ये फट राहते. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या ठोक्यांनी तो सरळ होतो. जे बोल्ट गिअरबॉक्सच्या आत उघडतात, त्यांच्या आट्यांवर मात्र सीलंट लागतेच. पॅकिंग नवे असूनही बोल्टच्या डोक्याखालून तेल पाझरत असेल, तर कारण बहुधा हेच असते.

काही चुका, थोडक्यात

फिलर प्लग उघडतो याची खात्री करण्याआधी ड्रेन प्लग उघडू नये, नाहीतर तेल गेलेले आणि भरायची वाट गंजून बंद, अशी अवस्था होते. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घालावा. मोटार तिरकी उभी असताना तेल भरल्यास पातळी चुकते, आणि जास्त भरलेले तेल बाहेर येतेच. त्याला गळती म्हणू नये. स्पीडोमीटर केबलच्या तोंडाशी असलेली छोटी ओ-रिंग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शेवटी आठवणारी वस्तू आहे. पितळी किंवा ब्राँझच्या सिंक्रो कड्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) असलेल्या गिअरबॉक्समध्ये निर्मात्याने सांगितल्याशिवाय जीएल-५ प्रतीचे गिअर ऑइल घालू नये. त्यातील गंधकयुक्त द्रव्ये जीएल-४ पेक्षा बरीच जास्त असतात आणि कड्यांना हवे ते घर्षणही कमी होते. गळती कमी व्हावी म्हणून अधिक घट्ट तेल घालणे ही पळवाट आहे, आणि थंड गिअरबॉक्समध्ये गिअर पडेनासे झाले की तिची किंमत कळते. क्लच हाउसिंगमधली जुनी धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, तीत ॲस्बेस्टॉस असू शकते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखाली जाणाऱ्याला मी काहीही शिकवत नाही.

झीज ॲडजस्टमेंटने झाकणे

लिंकेजबाबतची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. रॉडची लांबी बदलल्याने दांड्याची नेमकी जागा बदलते. खेळ मात्र कमी होत नाही. खेळ असतो झिजलेल्या बुशांत, लंबगोल झालेल्या छिद्रांत आणि बारीक झालेल्या पिनांत. स्टिअरिंगवर गिअरचा दांडा असलेली एक तीन गिअरची मोटार माझ्याकडे आली होती, तिचे दोन्ही रॉड फिरवता फिरवता आट्यांच्या टोकापर्यंत पोचले होते. अशा मोटारीत एक रॉड पहिला आणि रिव्हर्स गिअर सांभाळतो, तर दुसरा दुसरा आणि तिसरा. दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायचा असेल, तर दोन्ही लिव्हर न्यूट्रलमध्ये अगदी एका रेषेत यावे लागतात. इथे मालकाने प्रत्येक ढिलेपणावर थोडे थोडे नट फिरवून ती रेषाच घालवली होती. परिणामी मोटार पहिल्या गिअरमध्ये असताना दांडा दुसरीकडे सरकायचा, हातात नुसता लोंबायचा, आणि बॉनेट उघडून हाताने लिव्हर मागे ढकलल्याशिवाय गिअर निघायचा नाही. ऐन रहदारीत असे घडले, तेव्हा कुठे त्यांना बुश आठवले.

तेव्हा इंजिन बंद ठेवून एकाने दांडा अगदी सावकाश हलवावा आणि दुसऱ्याने प्रत्येक जोड पाहावा. एक तुकडा हलला आणि पुढचा थांबून राहिला, तर त्या दोहोंमध्ये झीज आहे. बुश सगळे एकदम बदलावेत. एकच बदलला तर उरलेल्यांचा खेळ पुढे जाणवतच राहतो. लंबगोल छिद्रात नवा बुश घालून भागत नाही. ते मोठे करून त्यात स्लीव्ह बसवावी किंवा भरून पुन्हा भोक पाडावे. स्प्लिट पिन जुनी वापरू नये. हे सारे झाल्यावर दोन्ही लिव्हर न्यूट्रलमध्ये आणून त्यांच्या भोकांतून एक सरळ पिन आरपार घालावी, आणि ती आत असतानाच रॉडची लांबी जुळवून लॉकनट आवळावेत. ॲडजस्टमेंट करण्याची वेळ ही.

फोक्सवॅगन बीटलसारख्या मागच्या इंजिनाच्या मोटारीत लांब शिफ्ट रॉड मधल्या बोगद्यातून जातो. तिथे मागच्या सीटखालचे झाकण काढून आधी कपलर (रॉडला गिअरबॉक्सशी जोडणारा तुकडा) पाहावा, मग बोगद्यातला बुश. दांड्याच्या बुडाची प्लेट सैल करून सरकवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती हाताशी असते.

रिव्हर्स टाकताना दात खडखडत असतील, तर दोष लिंकेजला देण्याआधी क्लच पूर्ण सुटतो का ते पाहावे. शेवटी प्रत्येक गिअर टाकून दांडा तळाच्या छिद्राच्या कडेला किंवा रबरी बूटाला टेकत नाही ना, हेही पाहावे. तो टेकत असेल, तर गिअर पूर्ण बसण्याआधीच थांबतो आणि चढावर जोर पडताच उडून बाहेर येतो. तेव्हा दांडा वाकवण्याआधी माउंटिंग पुन्हा एकदा तपासावे, कारण नवे माउंटिंग उलटे बसवले गेल्यानेही गिअरबॉक्स इतका सरकतो.