फाइल अर्धवट लिहिली जाऊ नये म्हणून

सेटिंग्जची फाइल थेट उघडून लिहिताना वीज गेली, तर जुना मजकूर पुसलेला आणि नवा अर्धाच, अशी गत होते. लिनक्सवर उपाय असा:

१. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल करून पूर्ण मजकूर तिच्यात लिहा. आत पासवर्ड असेल तर फाइल बनवतानाच परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा.
२. बंद करण्याआधी तिच्यावर एफसिंक (fsync, मजकूर डिस्कवर पोचवायला लावणारी आज्ञा) करा. नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि मग नाव बरोबर पण आत शून्य बाइट, अशी फाइल हाती येऊ शकते. नुसत्या क्लोजने मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री मिळत नाही.
३. रिनेम करून ती जुन्या नावावर आणा.
४. फोल्डरवरही एफसिंक, म्हणजे नाव बदलल्याची नोंदही डिस्कवर पोचते.

तात्पुरती फाइल टीएमपीमध्ये (/tmp, तात्पुरत्या फाइलींचा सामायिक फोल्डर) नको. तो फोल्डर अनेकदा वेगळ्या फाइलसिस्टिमवर असतो, तिथून रिनेम होत नाही.