ग्रुपवरचा इमोजींचा पूर: कुणाला न दुखावता कसा आवरावा

महापालिकेचा निरोप येतो: गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी दिवसभर पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल. सेक्रेटरी तो लगेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. त्याखाली 🙏🙏🙏, मग 👍, मग 👍👍, दोन रडके चेहरे आणि कुणाचा तरी गुलाब. संध्याकाळी हिंजवडीहून दमून घरी आलेला माणूस शेवटचा गुलाब तेवढा बघतो आणि फोन बाजूला ठेवतो. गुरुवारी सकाळी त्याच्या घरात एक बादली भरलेली नसते.

कुणाशी बोलायचंच असेल तर ते अशा नुकसानीबद्दल बोलावं. मुळात इमोजीच आवडत नाहीत, हे ज्याचं त्याने आपल्यापाशी ठेवावं.

१. आधी त्रास कसला आहे ते ओळखा

गेल्या आठवड्याभराचा ग्रुप वर सरकवून एकदा शांतपणे बघा. साधारण तीन प्रकार सापडतात आणि तिघांवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिला, निव्वळ इमोजींचे सुटे मेसेज. यात फोन सारखा वाजतो आणि कामाचा निरोप वर जातो. दुसरा, उत्तराच्या जागी इमोजी. 'वर्गणी शनिवारी गोळा करायची की रविवारी?' यावर नुसता अंगठा आला तर काय समजायचं? तिसरा, मजकुराच्या मधेमधे पेरलेले इमोजी: तारीख, फूल, वेळ, फुगा, फोन नंबरचे पाच आकडे, हृदय, उरलेले पाच. असा नंबर धड कॉपी होत नाही. शिवाय ज्यांना कमी दिसतं किंवा दिसत नाही, त्यांच्या फोनवरची पडदा वाचून दाखवणारी सोय (टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर) प्रत्येक इमोजीचं नाव उच्चारून दाखवते. चार शब्दांच्या निरोपात सहा चित्रं असतील तर निरोपापेक्षा चित्रांची नावंच जास्त ऐकावी लागतात. मात्र ग्रुपमधल्या अशा एखाद्या व्यक्तीला न विचारता तिचं नाव पुढे करून तक्रार करू नका.

२. आपल्या फोनवर होण्यासारखं आधी करून घ्या

ग्रुप म्यूट करताना व्हॉट्सॲप तीन मुदती देतं: आठ तास, एक आठवडा, कायमचं. 'कायमचं' निवडायला लोक बिचकतात, पण तुमचं नाव घेऊन कुणी लिहिलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर तेवढं कळतं. ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकला तर नवा मेसेज आला म्हणून तो आपोआप वर येऊन बसत नाही. तुमच्याच मेसेजवर येणाऱ्या रिॲक्शनचा (म्हणजे नवा मेसेज न लिहिता त्याच मेसेजला चिकटवलेल्या इमोजीचा) आवाज नको असेल, तर सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये तो वेगळा बंद करता येतो. वैयक्तिक चॅटसाठी एक बटण आहे, ग्रुपसाठी दुसरं.

बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं. ज्या ग्रुपवर कामाचं काहीच येत नसतं, तिथे याच्यापुढे जाण्याची गरजही नाही.

३. रिॲक्शन शिकवा, कारण खरा उपाय हाच

ही सोय व्हॉट्सॲपवर मे २०२२ मध्ये आली. तरी कित्येक ज्येष्ठांना ती कुणी दाखवलेलीच नसते, म्हणून ते हात जोडायला नवा मेसेज लिहितात. फरक मोठा आहे. सव्वाशे जणांच्या ग्रुपवर सुटा 🙏 टाकला की तो सगळ्यांच्या फोनवर नवा मेसेज म्हणून जातो. तोच मूळ मेसेजवर रिॲक्शन म्हणून दिला, तर नोटिफिकेशन फक्त तो मेसेज लिहिणाऱ्याला जातं आणि निरोप आपल्या जागी राहतो.

दाखवताना त्यांचा फोन त्यांच्याच हातात राहू द्या.

मेसेजवर बोट ठेवून क्षणभर दाबून धरायचं. वर सहा इमोजींची पट्टी उघडते. हवा त्यावर टेकायचं. सहांत नसेल तर शेवटच्या अधिकच्या चिन्हावरून बाकीचे मिळतात. एका मेसेजवर एका माणसाची एकच रिॲक्शन राहते, दुसरी दिली की पहिली जाते. काढायची असेल तर मेसेजखालच्या रिॲक्शनवर टेकून आपलीवर पुन्हा टेकायचं.

चुका ठरलेल्या असतात. बोट लवकर उचललं तर पट्टी येत नाही. पट्टी आल्यावर चुकून दुसऱ्या मेसेजला बोट लागलं तर दोन्ही मेसेज निवडले जातात आणि पट्टी नाहीशी होते. अशा वेळी मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची. सगळ्यात वाईट चूक पट्टीच्या क्रमातून होते. सुरुवातीला तिथे अंगठा, हृदय, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, आश्चर्य, रडका चेहरा आणि जोडलेले हात या क्रमाने बसलेले असतात. हृदय आणि आश्चर्य यांच्या मधोमध हसरा. निधनाच्या बातमीवर बोट जरा सरकलं की तोच लागतो. म्हणून शिकवताना ही एक सवय आवर्जून लावा: रिॲक्शन दिली की खाली काय उमटलं ते बघायचं, मगच फोन ठेवायचा.

एक-दोनदा सरावासाठी तुमच्या वैयक्तिक चॅटवर करून घ्या. थेट ग्रुपवर सराव नको.

४. बोलायचं ते एकट्याशी, आणि शक्यतो तोंडी

ग्रुपवर जाहीर सूचना टाकण्याचा मोह पुण्यात जरा जास्तच होतो. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, तसं इथे 'विनाकारण इमोजी टाकू नयेत'. पाटी भिंतीवर असते तेव्हा लोक वाचून हसतात आणि पुढे जातात. ग्रुपवर मात्र ती कुणासाठी आहे हे सगळ्यांना दोन मिनिटांत कळतं, आणि ज्यांच्यासाठी लिहिली ते पुढचे सहा महिने जिन्यात भेटल्यावर मान फिरवतात.

त्यांनी वीस फुलं टाकल्यावर पाचव्या मिनिटाला फोन करू नका. एक-दोन दिवस जाऊ द्या. सणाच्या आसपास तर नकोच. पाडवा, गणपती, दिवाळी या दिवसांत ग्रुप भरून वाहतो, तो वाहू द्यावा.

भेटून किंवा फोनवर बोललेलं बरं, कारण इमोजी कमी करा असं सांगणारा कोरडा मेसेज वाचणाऱ्याला हमखास रागावलेला वाटतो. लिहावंच लागलं तर क्रम असा ठेवा: आधी त्यांच्या कामाचं काहीतरी खरं, मग कारण, मग एकच छोटी विनंती, शेवटी मदत.

'काकू, नमस्कार. कोजागरीच्या दुधाचा हिशेब तुम्ही लगेच टाकलात, फार बरं झालं. एक विनंती होती. परवा पाणी बंदचा निरोप वर गेला आणि बी विंगमधल्या दोघांना कळलंच नाही. आपण नमस्कार, टाळ्या त्याच मेसेजवर दिल्या तर निरोप जागेवर राहील. कसं करायचं ते संध्याकाळी येऊन दाखवते, दोन मिनिटांचं काम आहे.'

यात 'तुम्ही खूप टाकता' कुठेही नाही, ते बघा. 'खूप' म्हटलं की समोरचा मोजायला लागतो: मी किती, जोशी किती, तुम्ही स्वतः किती. 'सगळे म्हणताहेत' हेही टाळा. सगळे म्हणजे कोण, असं विचारलं जाणारच, आणि मग तुम्हाला एक तरी नाव घ्यावं लागेल. उपरोध तर पूर्ण बाद. चाळीस इमोजींना चाळीस इमोजींनी उत्तर दिलं तर त्यांना ते आवडलं असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी साठ येतात.

५. टंकायला येत नाही, हे कारण असू शकतं

शब्दांऐवजी चित्रं येण्यामागे पुष्कळदा हीच अडचण असते. जोडाक्षर सापडत नाही, काना-मात्रा चुकतात, मग एक अंगठा सोपा पडतो. जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये भाषा, तिथे कीबोर्ड जोडून मराठी निवडा. देवनागरी कळफलक आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याचा, असे दोन्ही प्रकार मिळतात. स्पेसच्या पट्टीवर दाबून धरलं की भाषा बदलता येते. ज्यांना दोन्ही जमत नाहीत त्यांना माइकचं चिन्ह दाखवा आणि मराठी निवडून बोलायला सांगा. 'हो, रविवारी चालेल' एवढं ते व्यवस्थित उमटवतं. आडनावं मात्र चुकवतं, तेव्हा पाठवण्याआधी एकदा वाचायला सांगा.

६. उत्तराच्या जागी इमोजी आला तर

इथे इमोजीबद्दल बोलायचंच नाही, अर्थ विचारायचा. 'म्हणजे रविवार धरते, बरोबर ना?' एवढं पुरतं. प्रश्नच असा विचारा की अंगठ्याचा एकच अर्थ निघेल: 'रविवारी सकाळी दहा, चालेल?' माणसं मोजायची असतील, महाप्रसादाला किती पानं वगैरे, तर पोल टाका. त्यात बारापर्यंत पर्याय देता येतात आणि कोण येणार हे नावानिशी दिसतं. अंगठे मोजत बसलात तर एकाने तीन टाकलेले असतात.

पैशाच्या व्यवहारात जास्त जपा. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या न्यायालयाने २०२३ मध्ये, कराराच्या फोटोवर पाठवलेला 👍 हा त्या व्यवहाराला दिलेला होकार धरला, आणि जवस न पुरवणाऱ्या शेतकऱ्याला ८२ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलर भरायला सांगितले. आपल्याकडे रंगकामाचं कोटेशन असो की पार्किंगची अदलाबदल, 'रक्कम मंजूर' असे दोन शब्द मागून घ्या.

ऑफिसातही हेच. वरिष्ठांना इमोजी कमी करा असं सांगायला जाऊ नका. 'सर, हे मंजूर समजून क्लायंटला आज पाठवतो' असं लिहा. चुकत असेल तर ते लगेच लिहितील. हाताखालच्या किंवा बरोबरीच्या माणसाशी बोलताना जागा ठरवून द्या: टीमच्या गप्पांत काहीही चालेल, क्लायंट असलेल्या चॅनेलवर फक्त मजकूर.

७. श्रद्धांजलीखाली हसरा चेहरा

डोळ्यांतून पाणी येतंय म्हणून 😂 रडका आहे असं समजणारे पुष्कळ आहेत. ऑक्सफर्ड डिक्शनरीजने २०१५ साली हाच चेहरा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, इतका तो सर्वत्र आहे, तरी बारीक अक्षरांच्या फोनवर अश्रू तेवढे दिसतात आणि हसू दिसत नाही.

इथे थांबू नका, लगेच फोन करा. ग्रुपवर काहीही लिहू नका. 'काका, तुमच्या मेसेजमध्ये चुकून हसरा चेहरा गेलाय, काढून टाकू या' एवढंच. पंधरा मिनिटांच्या आत असेल तर मेसेज संपादित करता येतो. त्यानंतर साधारण अडीच दिवसांपर्यंत 'सर्वांसाठी हटवा' चालतं. घाईत लोक 'माझ्यासाठी हटवा' दाबतात, मग मेसेज त्यांच्या फोनवरून जातो आणि बाकी सगळ्यांना दिसतच राहतो. दाबल्यावर काही सेकंद ते मागे घेण्याची सोय खाली दिसते. ती हुकली तर ॲडमिनला सांगा, ॲडमिनला ग्रुपमधला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी हटवता येतो.

८. ॲडमिन असाल तर रचना बदला

दोन ग्रुप करा. एक सूचनांचा, जिथे ग्रुपच्या परवानग्यांमध्ये मेसेज पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनना असेल. दुसरा गप्पांचा, मोकळा. सूचनांच्या ग्रुपवर किमान तीन ॲडमिन ठेवा, नाहीतर सेक्रेटरी गावाला गेले की टँकरचा निरोपही अडकतो. दोन ग्रुप नको असतील तर महत्त्वाचा मेसेज पिन करा, म्हणजे तो चॅटच्या वर चिकटून राहतो. मुदत चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस मिळते. पाण्यासाठी सात दिवस घेऊ नका, शुक्रवारनंतरही तो वर राहिला की लोक पिन बघायचंच सोडून देतात.

नियम लिहायचा तर ग्रुपच्या माहितीत, एका ओळीत आणि काय करावं अशा भाषेत: 'दाद द्यायची असल्यास त्याच मेसेजवर रिॲक्शन द्यावी.' तो आणण्याची सोयीची वेळ म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. ती सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते, तिथे इतर विषयांबरोबर हाही बोलून घ्या. नियम सभेतून आला की तो कुणा एकावर रोखलेला वाटत नाही.

९. तरीही फरक पडला नाही तर

पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, तीही रिॲक्शन पुन्हा दाखवण्याच्या निमित्ताने. तिसऱ्यांदा नको. त्यानंतर म्यूट आणि पिन यांवर भागवा.

एका प्रकारच्या मेसेजना मात्र हात लावू नये असं आमचं मत आहे. मुलं परदेशात आणि घरात एकटे, असे ज्येष्ठ पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पुष्कळ आहेत. त्यांचा रोज सकाळी साडेसहाचा सूर्य, कमळ आणि तीन जोडलेले हात ही एक प्रकारे हजेरी असते. तो गप्पांच्या ग्रुपवर येऊ द्या. आठवड्यातून एखाद्या वेळी शब्दांत उत्तर द्या, 'नाना, आज फिरायला गेला होतात का?' असं. आणि एखाद्या दिवशी आठ वाजून गेले तरी कमळ आलं नाही, तर फोन करा, उचलला नाही तर वर जाऊन बेल वाजवा.