कुरआनातली कथा वाचायची कशी?

कुरआनात कथा शोधायला बसलं की पहिली अडचण हीच, की ती एका जागी सापडत नाही. पैगंबर मूसांचीच घ्या: थोडी दुसऱ्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, थोडी सातव्या, विसाव्या, सव्विसाव्या, अठ्ठाविसाव्या. म्हणून सुरुवात बाराव्या सूरहपासून करावी. पैगंबर यूसुफांची कथा तिथे सलग आहे, 111 आयतींपैकी (वचनांपैकी) 4 ते 101. भाषांतर एका बैठकीत वाचून होतं.

मात्र थेट चौथ्या आयतीवर उडी मारू नका. आधीच्या 3 आणि नंतरच्या 10 आयती गाळल्या, तर कथा कशासाठी सांगितली तेच हातून निसटतं. 102व्या आयतीत बोलणं एकदम पैगंबर मुहम्मद यांच्याकडे वळतं: यूसुफांचे भाऊ कट रचत होते तेव्हा तू तिथे नव्हतास. 111व्या आयतीत ‘इब्रत’ हा शब्द येतो. इब्रत म्हणजे दुसऱ्यावर गुदरलेलं पाहून आपण घ्यायचा धडा. जोडीला अकराव्या सूरहची 120वी आयत ठेवा. पैगंबरांच्या हकिकती तुझं मन खंबीर करायला सांगतो, असं तिथे स्पष्टच म्हटलंय. दोन्ही सूरह मक्की, म्हणजे मक्केतल्या, पैगंबरांची स्वतःची कुरैश टोळी त्यांच्यावर उलटली होती तेव्हाच्या. भावांनीच विहिरीत टाकलेल्या मुलाची गोष्ट तेव्हा का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि यूसुफांच्या सदऱ्यावर खूण करत चला. 18व्या आयतीत त्यावर खोटं रक्त. 25 ते 28मध्ये सदरा मागून फाटलेला, म्हणून अझीझच्या, म्हणजे यूसुफांना विकत घेणाऱ्या मिसरी अधिकाऱ्याच्या, बायकोने केलेल्या आरोपातून यूसुफ निर्दोष. 93 ते 96मध्ये यूसुफांचा सदरा वडिलांच्या, याकूबांच्या, चेहऱ्यावर टाकतात आणि त्यांची दृष्टी परत येते. लांडगाही सोडू नका: 13व्या आयतीत लांडग्याची भीती याकूबच बोलून दाखवतात, आणि 17व्यात मुलं तीच सबब घेऊन हजर!

आता मूसांकडे या. इथे वहीत रकाने आखावेत: सूरह, तिची सुरुवात, घेतलेला प्रसंग, गाळलेला प्रसंग. विसावी सूरह ‘तुला कष्टात टाकायला कुरआन उतरवला नाही’ अशा दिलाशाने उघडते. म्हणून तिथे मूसांची स्वतःची भीती, जिभेची गाठ, भावाला मदतीला दे ही मागणी, हे सगळं येतं. सव्विसाव्यात लोक ऐकत नाहीत याचं दुःख सुरुवातीलाच आहे; तिथे फिरऔनाशी, म्हणजे मिसरच्या राजाशी, सामना लांबतो, आणि ‘यात निशाणी आहे, पण बहुतेक जण मानणारे नव्हते’ हे पालुपद 8 वेळा येतं. मूसांच्या काठीकडेही बघा: सत्ताविसाव्या सूरहमध्ये ती चपळ सापासारखी वळवळते नि मूसाच मागे न बघता पळतात; सव्विसाव्यात, फिरऔनासमोर, तिचा धडधडीत अजगर होतो.

बहुतेकांचं चुकतं ते रिकाम्या जागा भरण्यात. अझीझच्या बायकोचं नाव कुरआनात नाही; ‘जुलेखा’ नंतरच्या परंपरेतून आली. यूसुफांना विकलं ते ‘मोजक्या दिरहमांना’, आकडा नाही. तफसीरमधून (कुरआनावरच्या भाष्यातून) किंवा इस्राईलियातमधून (ज्यू-ख्रिस्ती परंपरेतून आलेल्या कथांमधून) आलेली अशी माहिती वाचायला हरकत नाही, फक्त ती वहीच्या वेगळ्या पानावर उतरवा. अठराव्या सूरहमधल्या गुहेतल्या तरुणांची संख्या कुणी 3 म्हणतं, कुणी 5, कुणी 7, शिवाय कुत्रा. 22वी आयत हे तिन्ही आकडे नोंदवते, एकही पक्का करत नाही, आणि त्यावरून वरवरच्या बोलण्यापलीकडे वाद घालू नकोस असं बजावते.