फोटॉनची ऊर्जा काढताना या चुका टाळा

गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायचा विषय निघाला की मुंबईतल्या सोसायटीची मीटिंग तापते. ‘रेडिएशन’ म्हणत टॉवर, एक्स-रे आणि ट्रॉम्बेची अणुभट्टी एकाच माळेत ओवली जातात. घरात बारावीचं पुस्तक असतानाही असं होतं, याचं वाईट वाटतं. उत्तर एका ओळीत आहे: फोटॉनची (म्हणजे प्रकाशाच्या किंवा कुठल्याही विद्युतचुंबकीय लहरीच्या एका पुडक्याची) ऊर्जा = प्लँकचा स्थिरांक × वारंवारता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॉवर आणि फोटॉनची ऊर्जा यांची गल्लत. आकाशवाणीचं एफएम गोल्ड मुंबईत १००.७ मेगाहर्ट्झवर लागतं. त्याला प्लँकच्या स्थिरांकाने, ६.६३ × १०⁻³⁴ ने, गुणून बघा: एका फोटॉनची ऊर्जा ६.७ × १०⁻²⁶ ज्यूल, म्हणजे एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (ऊर्जेचं छोटं एकक, १.६ × १०⁻¹⁹ ज्यूल) दहा लाखाव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी. ५३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशाचा फोटॉन २.३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, सुमारे ५६ लाख पट मोठा! ट्रान्समीटरची पॉवर दुप्पट करा, फोटॉन दुप्पट निघतील. पण एकेक फोटॉन होता तेवढाच राहील. रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला साधारण १० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि एरवी ते एकाच फोटॉनकडून यावे लागतात. एक्स-रेच्या फोटॉनकडे ते हजारोंनी असतात, म्हणून तिथे शिशाचा एप्रन. टॉवरबद्दल विचारायचं असेल तर तापण्याबद्दल विचारा. ते पॉवर आणि अंतरावर ठरतं. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये हाच धागा पकडला होता: सोडियमवर लाल प्रकाश कितीही प्रखर टाकला तरी इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही, मंद जांभळ्याने मात्र पडतो.

आता परीक्षेच्या पेपरातल्या चुका. तिथे बहुतेकदा तरंगलांबी दिलेली असते; प्रकाशाच्या वेगाला तिने भागलं की वारंवारता मिळते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा १०⁻¹⁹ ज्यूलच्या घरात यायला हवी. ती १०⁻²⁸ आली, तर नॅनोमीटरचे (मीटरच्या अब्जाव्या भागाचे) मीटर करायचे राहिलेत. उत्तर बरोबर ६.२८ पट मोठं आलं, तर प्लँकच्या स्थिरांकाला कोनीय वारंवारतेने (२π × वारंवारता) गुणलंय. सोपी पडताळणी अशी: १२४० ला (प्लँकचा स्थिरांक × प्रकाशाचा वेग, या एककांत) नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. दृश्य प्रकाशाला ती १.८ ते ३.१ च्या बाहेर गेली की गणित पुन्हा तपासा.

इथेच एक खाच आहे, हुशार मुलंही तिच्यात अडकतात. प्रकाश पाण्यात शिरला की वेग आणि तरंगलांबी कमी होतात, वारंवारता बदलत नाही. हिरव्याचे ५३० नॅनोमीटर पाण्यात ३९८ होतात. १२४० ला ३९८ ने भागलंत, तर हिरव्याच्या पदरात जांभळ्याची ऊर्जा पडते. १२४० च्या सूत्रात नेहमी निर्वातातली तरंगलांबी घ्या.

आणि गॅमा किरणांची ऊर्जा जास्त म्हणून ते रेडिओलहरींपेक्षा वेगाने धावतात, असं लिहू नका. निर्वातात दोघांचा वेग एकच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर.